दोन नंबरचं बटण आणि उंच सीट: मेमरी सीटच्या एका बिघाडाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातलं आमचं गॅरेज लहान आहे. दोन रॅम्प, एक स्कॅनर, एक जुना पण भरवशाचा ऑसिलोस्कोप (विजेचा सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणि मला धरून चार माणसं. इंजिन, गिअरबॉक्स दुसरे लोक बघतात. आमच्याकडे येतं ते वायरिंगचं काम, आणि तेही बहुतेक वेळा दोन-तीन हात फिरून आलेलं.

ही गाडी तशीच आली. २०१५ची युरोपीय बनावटीची ऑटोमॅटिक सेडान, दुसऱ्या मालकाकडे. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोष कंपनीचा नव्हताच, हे पुढे कळेल. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत.

गाडी घरात दोघं चालवतात. सकाळी डॉक्टरबाई दवाखान्यात घेऊन जातात, संध्याकाळी त्यांचे यजमान. बाईंची उंची पाच फुटांच्या आसपास, यजमान सहा फुटांचे. ड्रायव्हरच्या दारावर मेमरीची बटणं आहेत: एक नंबर यजमानांचं, दोन नंबर बाईंचं. बटण दाबलं की सीट, पाठ आणि बाहेरचे आरसे आपापल्या जागी जातात. मेमरी सीट पुष्कळांना चैन वाटते. या घरात ती रोजची गरज होती.

तक्रार

बाईंनी सांगितलं ते जसंच्या तसं जॉबकार्डवर लिहून घेतलं होतं, आणि पुढे त्याचाच उपयोग झाला. "दोन नंबर दाबलं की सीट येते, पण पूर्ण येत नाही. रोज थोडी मागे राहते. आठवडा झाला की ब्रेकसाठी पुढे सरकून बसावं लागतं. मग स्विचनं पुढे घ्यायला गेले की इंच-इंच सरकते, थांबते, परत दाबायचं, परत इंचभर."

यजमानांची तक्रार काहीच नव्हती. त्यांचं एक नंबर झकास चालत होतं.

आमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. पहिल्या ठिकाणी दारावरचा मेमरी स्विच बदलला, ९,५०० रुपये. फरक शून्य. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावून सीटचं मॉड्यूल (मोटरींना हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेल्याचं सांगितलं आणि कोडिंगसकट (नवा डबा गाडीशी जुळवून घेणं) ६८,०००चं कोटेशन दिलं. शिवाय एका मिस्त्रीनं "मॅडम, तुम्ही बटण शेवटपर्यंत दाबून धरत नसाल" असंही ऐकवलं होतं. बाई त्यावरून अजून चिडलेल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

सीट जागा कशी लक्षात ठेवते

पुढचा सगळा गुंता यावरच उभा आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

या सीटला चार मोटरी आहेत: मागे-पुढे, पुढची उंची, मागची उंची आणि पाठीचा कल. प्रत्येक मोटर साधी डीसी. वायरींची उलटापालट झाली की उलट फिरते. ती उलटापालट सीटखालचं मॉड्यूल करतं. फरक इतकाच, की मेमरी सीटमध्ये प्रत्येक मोटरच्या आत एक हॉल सेन्सर (चुंबकावरून फिरणं ओळखणारा) असतो. मोटर फिरली की तो चौकोनी पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, देतो आणि मॉड्यूल ते मोजतं. सीट कुठे आहे हे मॉड्यूल डोळ्यांनी पाहत नाही. आंधळी कोशिंबिरीतल्या गड्यासारखं पावलं मोजून अंदाज बांधतं. दोन नंबर म्हणजे त्याच्या लेखी "पुढच्या टोकापासून इतके पल्स". काही जुन्या गाड्यांत सेन्सरऐवजी व्हॉल्यूमच्या बटणासारखं पोटेन्शिओमीटर असायचं, त्यात जागा थेट व्होल्टेजवरून कळे. इथे तसं नाही. मोजणी चुकली की जागा चुकली.

मोटरला करंट दिला आणि पल्स अजिबात आले नाहीत, तर मॉड्यूल समजतं की काहीतरी अडकलंय किंवा सेन्सर गेलाय. अर्ध्या-पाऊण सेकंदात ते मोटर बंद करतं. परत स्विच दाबला की परत अर्धा सेकंद. बाई म्हणत होत्या ते "इंच-इंच सरकणं" हेच. मेमरी सीट अशी टप्प्याटप्प्यानं सरकत असेल, तर मोटर नव्हे, आधी तिचा पल्स तपासावा.

पण पल्स अधूनमधून गळत असतील तर? मोटर थांबत नाही, कारण मॉड्यूलला मधून मधून काहीतरी मिळत असतं. मोजणी मात्र कमी भरते. वायर पूर्ण तुटली तर मॉड्यूलला कळतं. अर्धवट तुटली तर ते बिनधास्त चुकीचा हिशोब करत राहतं.

समोरचे पर्याय

गाडी आली तेव्हा चार वाटा होत्या.

दारावरचा नवा स्विच पुन्हा संशयात घ्यायचा का? नाही. दोन नंबर दाबल्यावर आरसे बरोबर बाईंच्या जागी येत होते. बटणाचा हुकूम दारातून कॅन लाइनवर (गाडीतल्या मॉड्यूलांमध्ये संदेश नेणाऱ्या वायरींवर) जातो आणि तिथून आरसे आणि सीट दोघंही तो ऐकतात. आरशांनी ऐकला, म्हणजे हुकूम सुटला होता. आधीच्या ठिकाणी हे दोन मिनिटं थांबून पाहिलं असतं, तर बाईंचे ९,५०० वाचले असते.

मॉड्यूल बदलणं ही दुसरी वाट. नवं ६८,००० आणि स्क्रॅपमधलं १८,०००च्या आसपास, पण कोडिंग दोन्हीला. मॉड्यूल जातात, नाही असं नाही. मात्र तीन मोटरी ठीक आणि एकच वेडीवाकडी, असं असताना मॉड्यूल माझ्या यादीत खाली जातं.

तिसरी, मागे-पुढेची मोटर. सेन्सर तिच्या आतच, सुटा मिळत नाही. हे शक्य होतं. चौथी वाट कपलर (वायरी जोडणारे सॉकेट), वायर आणि अर्थिंग (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) तपासण्याची. यात सामान स्वस्त, वेळ जास्त. बाईंना मी स्पष्ट सांगितलं, की आधी दोन तास तपासणीचे घेईन, आणि काही सापडलं नाही तरी त्याचे पैसे लागतील. त्या हो म्हणाल्या.

पहिली फेरी

स्कॅनरवर बिघाडाचे दोन कोड होते. एक, मॉड्यूलला कमी व्होल्टेज. दुसरा, मागे-पुढे मोटरचा पोझिशन सिग्नल, अधूनमधून. दोन्ही साठलेले होते, त्या क्षणी चालू एकही नव्हता.

सीटखाली हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबलो. ड्रायव्हरच्या सीटमध्ये साइड एअरबॅग असते आणि तिचा पिवळा कपलर तिथेच असतो. त्या पिवळ्या वायरींना मल्टिमीटर लावायचा नाही, हे आमच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. चार बोल्ट काढून, कपलर लागलेले ठेवून सीट मागे कलती केली. मग बॅटरी जोडून, चार्जरचा आधार देऊन तपासणी. चावी चालू ठेवून तासभर मोटरी फिरवल्या तर बॅटरी बसते, आणि मग कमी व्होल्टेजचा कोड आपणच तयार करतो.

सीटखाली पाहिलं तर गाडीत कार्पेटवर नवं जाड मॅटिंग बसवलेलं. हे मॅटिंग टाकायला सगळ्या सीट काढाव्या लागतात. मॅटिंगखालचं कार्पेट हाताला ओलं लागलं. पावसाळ्याचं पाणी कुठूनतरी आत येत होतं आणि वरून मॅटिंग असल्यामुळे सुकत नव्हतं.

मॉड्यूलच्या कपलरवर मीटर लावला. मोटर बंद असताना १३.१ व्होल्ट. छान. इथेच बरेच जण मीटर बाजूला ठेवतात. सीट मागे-पुढे चालवली तेव्हा तोच आकडा १०.६ वर आला. अडीच व्होल्ट वाटेतच गळत होते. क्लॅम्प मीटरवर करंट ७ अँपिअर. मग मीटरची एक दांडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी मॉड्यूलच्या अर्थला लावून मोटर चालवली: २.२ व्होल्ट. पॉझिटिव्ह बाजूला फक्त ०.३. चांगल्या अर्थला भार असताना ०.१ च्या आसपासच आकडा दिसायला हवा.

कार्पेट उचललं. फ्लोअरवरचा अर्थचा बोल्ट आणि त्याखालचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवा झाला होता. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसा रंग. इथे ओहम मोजून काही हाती लागलं नसतं. २.२ व्होल्टला ७ अँपिअरनं भागलं तर रोध येतो ०.३ ओहम, आणि मीटरच्या स्वतःच्या दांड्याच तेवढं दाखवतात. भार टाकून व्होल्टेज मोजल्याशिवाय असा अर्थ पकडला जात नाही.

लग नवा लावला, बॉडीवरची जागा घासून साफ केली, वरून गंजरोधक लावलं. भारावरचा आकडा ०.०८ वर आला. कोड पुसले. सीट बसवली, काही वेळा एक-दोन, एक-दोन केलं. कोड नाही, इंच-इंच नाही. मी मनाशी गणित जुळवलं: व्होल्टेज पडलं की सेन्सरचा पुरवठा डळमळतो, म्हणून पल्स गळत होते, दोन्ही कोडांचं मूळ एकच. १,८०० रुपयांचं बिल केलं आणि ६८,००० वाचवल्याचं श्रेय मनातल्या मनात घेऊन टाकलं.

चूक झाली ती या क्षणी. दोन कोडांना एक कारण सापडलं की माणूस खूश होतो. अर्थ खरोखर खराब होता, त्याची दुरुस्तीही गरजेची होती. पण तो बाईंच्या तक्रारीचा उगम आहे, हे मी सिद्ध केलं नव्हतं, नुसतं मानलं होतं.

गाडी परत आली

आठ दिवसांनी बाई परत. सीट बोटभर मागे, पहिल्यासारखीच. कमी व्होल्टेजचा कोड परत आला नव्हता. पोझिशन सिग्नलचा आला होता.

मी गाडीत बसलो, पाचसहा वेळा स्विच चालवला. सीट लोण्यासारखी सरकली. आमच्या पोरानं करून पाहिलं. काही नाही. बाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही दोघंही बसल्या बसल्या आधी सीट खाली घेता. मी कुठे खाली घेते?"

मी क्षणभर गप्प झालो. खरं होतं. बाई सीट जवळपास पूर्ण वर घेऊन चालवतात, नाहीतर त्यांना बॉनेटपलीकडचा रस्ता दिसत नाही. आम्ही सगळे उंचीनं बरे. डोकं छताला लागू नये म्हणून हात आपोआप उंचीच्या स्विचकडे जातो. आधीच्या दोन्ही ठिकाणीही हेच झालं असणार. जो जो बिघाड शोधायला सीटवर बसला, त्यानं शोधायच्या आधी बिघाड घालवला.

"तुम्हीच बसा," मी म्हटलं. बाई बसल्या, सीट वर होती तशीच ठेवून स्विच मागे दाबला. सीट सरकली, अडखळली, थांबली. परत दाबलं, इंचभर. मग उंची चार बोटं खाली घेऊन तोच स्विच दाबला. सरळ मागे गेली. परत वर. परत अडखळली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच.

पहिल्या फेरीत मी काही वेळा एक-दोन केलं होतं, त्यातही सीट बाईंच्या उंचीवर जात होती. मग तेव्हा का दिसलं नाही? मी रेलवर खूण केली नव्हती. सीट प्रत्येक वेळी तीन-चार मिलिमीटर मागे राहत असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, आणि पल्स अर्धवट गळले तर कोडही लगेच पडत नाही.

या वेळी रेलवर मास्किंग टेप लावून पेनानं रेघ मारली. दोन नंबर, एक नंबर, परत दोन नंबर, अशा सहा फेऱ्या. सीट रेघेपासून २१ मिलिमीटर मागे. फेरीला साडेतीन मिलिमीटर. रोज एक फेरी धरली तर आठवड्याला सुमारे अडीच सेंटिमीटर. बाईंचं "बोटभर" टेपनंही तंतोतंत सांगितलं.

सीट मागेच का राहत होती

हा भाग मला सगळ्यात आवडला. पल्स जाताना गळत असतील तर येतानाही गळायला हवेत, मग फिटंफाट होऊन सीट जागेवर यायला हवी. पण ती नेमानं मागेच राहत होती.

उत्तर मोटरींच्या क्रमात होतं. या गाडीचं मॉड्यूल एका वेळी दोनच मोटरी चालवतं: आधी मागे-पुढे आणि पाठ, मग उंचीच्या दोन. बाईंच्या जागेवरून यजमानांच्या जागेकडे जाताना सीट आधी मागे सरकते, तेव्हा ती अजून उंच असते. पल्स गळतात, मोजणी पुरी करायला सीट ठरलेल्यापेक्षा जास्त मागे जाते. मग उंची खाली येते. उलट येताना सीट आधी पुढे सरकते, तेव्हा ती खाली असते. मोजणी बिनचूक. मग वर चढते. म्हणजे चूक फक्त एका दिशेनं होते आणि दर फेरीला साठत जाते. यजमान आधीच मागच्या टोकाजवळ बसणारे. त्यांना दोन सेंटिमीटर जास्त मागे गेल्याचं काय कळणार? बाईंना मात्र ब्रेक लांब जात होता.

वायरीपर्यंत

आता शोधायची जागा लहान झाली. मागे-पुढेची मोटर रेलच्या चौकटीवर बसलेली आहे आणि मॉड्यूल वरच्या गादीच्या चौकटीला. सीट वर-खाली होते तेव्हा या दोन चौकटींमधलं अंतर बदलतं. दोघांना जोडणारी साधारण ४० सेंटिमीटरची वायर प्रत्येक वेळी ताणते आणि सैलावते. बिघाड उंचीवर अवलंबून असेल तर तो याच तुकड्यात असायला हवा.

सेन्सरच्या तीन वायरी: पुरवठा, अर्थ, सिग्नल. ऑसिलोस्कोपचा एक चॅनेल मॉड्यूलच्या बाजूला, दुसरा मोटरच्या कपलरपाशी. सीट खाली असताना दोन्हीकडे स्वच्छ चौकोनी पल्स. सीट वर घेतली. मोटरपाशी पल्स तसेच, मॉड्यूलपाशी मधून मधून गायब, दात पडलेल्या फणीसारखे. मोटर आणि तिचा सेन्सर संशयातून सुटले, मॉड्यूलही सुटलं. राहिली सिग्नलची वायर.

ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप नाही त्यांनी मल्टिमीटरचा हर्ट्झचा पर्याय वापरावा. आकडा स्थिर राहतो की उड्या मारतो, इतकं त्यावर कळतं. सिग्नलच्या वायरीला बल्बवाला टेस्ट लॅम्प मात्र लावू नका. त्याचा करंट सेन्सरला झेपत नाही आणि नसलेला बिघाड तयार होतो.

वायरीवरची कापडी टेप सोडली. गादीच्या चौकटीला एक काळा केबल टाय करकचून बांधलेला होता. कंपनीची मूळ क्लिप तुटून तिथेच लटकत होती. मॅटिंग बसवताना सीट काढली, क्लिप तुटली, म्हणून कुणीतरी टाय मारला. मारताना सीट खाली असणार, त्यामुळे वायर पुरेशी सैल वाटली असेल. सीट वर गेली की ती सतारीच्या तारेसारखी ताणायची. टायशेजारी वायर बोटांत धरून हलकेच ओढली, तर रबरासारखी लांबली. आतलं तांबं तुटलं होतं, वरचं आवरण शाबूत. नुसत्या डोळ्यांना ही वायर नवीकोरी दिसत होती.

बाईंना विचारलं, मॅटिंग कधी बसवलं? त्यांनी महिना सांगितला. तक्रार त्यानंतर दोन महिन्यांनी सुरू झाली होती. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी, ओलं कार्पेट पाहिलं तेव्हाच विचारायला हवा होता.

दुरुस्ती

फक्त तुटलेली वायर जोडायची की तिन्ही बदलायच्या, यावर पोराचं आणि माझं थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, दोन चांगल्या आहेत, उगाच का कापायच्या? माझं म्हणणं, तिघींनी तोच ताण सोसलाय, आज एक गेली, उद्या दुसरी जाईल. तिन्ही बदलल्या. तितक्याच जाडीची, बारीक तारांची लवचीक वायर घेतली. जोड सोल्डरनं नाही, क्रिंपनं (धातूची नळी दाबून) केले, आणि वायर वाकते त्या भागापासून लांब. सोल्डर वायरीत वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेला वायर परत तुटते. वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), त्यावर कापडी टेप. टायऐवजी नवी क्लिप, आणि सीट पूर्ण वर घेऊन, एक ढिला वळसा ठेवून मगच क्लिप दाबली.

पाण्याचा उगमही शोधला. सनरूफच्या कोपऱ्यातली पाणी वाहून नेणारी नळी पानांच्या गाळानं तुंबली होती. ती साफ केली. मॅटिंग कापून कार्पेट दोन दिवस उन्हात सुकवलं. नाहीतर नवा लगही पुढच्या पावसाळ्यात हिरवा झाला असता.

बॅटरी काढण्याआधी सीट पूर्ण पुढे घेऊन ठेवली होती, मागचे बोल्ट दिसावेत म्हणून. जोडल्यावर स्कॅनरनं सीटला तिची टोकं परत शिकवली: चारही मोटरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हे केलं नाही तर वायर दुरुस्त होऊनही मॉड्यूल जुन्या चुकलेल्या हिशोबावरच चालत राहतं.

निकाल

टेपवरच्या रेघेवर वीस फेऱ्या. सीट दर वेळी रेघेवर, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. यातल्या दहा फेऱ्या बाईंनी स्वतः बसून केल्या. चावी बंद करून अर्ध्या तासानं बॅटरीतून जाणारा करंटही पाहिला, मॉड्यूल नीट झोपतंय ना म्हणून. ५० मिलिअँपिअरच्या आत होता. गाडी सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा लागून विझला.

दुसऱ्या फेरीचं बिल २,४०० झालं, दोन्ही मिळून ४,२००. दुसऱ्या वेळची तपासणी बिलात धरली नाही. पहिल्या वेळी मी जे पाहायचं सोडलं, त्याचे पैसे बाईंनी का द्यावेत?

पुन्हा करायचं झालं तर

तक्रार ज्याची, तपासणी त्याच्या सीटवर, त्याच्या उंचीवर. आमच्या जॉबकार्डवर आता एक रकाना वाढवला आहे: बिघाड कोण चालवताना येतो आणि सीट तेव्हा कशी असते. गाडी आत घेणाऱ्या पोराला सीट हलवायची मनाई आहे. गुडघे डॅशला टेकले तरी चालेल. गंमत अशी, की मेमरी सीट असेल तर हे फार सोपं आहे. गिऱ्हाइकाचं बटण दाबायचं आणि त्यानंतर एकाही स्विचला हात लावायचा नाही. आम्ही तेवढंही केलं नव्हतं.

अर्थ दुरुस्त केल्यावर मी कोड पुसले आणि गाडी दिली. त्याऐवजी दुसऱ्या कोडसाठी वेगळी चाचणी लावायला हवी होती. रेलवरची टेप आणि पेनाची रेघ, पाच रुपयांचं काम. पहिल्याच दिवशी केलं असतं तर आठ दिवस वाचले असते, आणि पाय न पुरणाऱ्या ब्रेकवर एका बाईनं पुण्याच्या वाहतुकीत आणखी एक आठवडा गाडी चालवली नसती. या शेवटच्या गोष्टीचं मला जास्त वाईट वाटलं.

एक निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन: आधी अर्थ. अडीच व्होल्ट गळत असताना पल्स पाहत बसलो असतो, तर ऑसिलोस्कोपवर जे दिसलं त्यावर भरवसा ठेवता आला नसता.

मॅटिंग बसवणाऱ्याला फोन करायचा का, असं बाईंनी विचारलं. मी नको म्हटलं. त्यानं वायर वाऱ्यावर सोडली नव्हती, बांधली होती. फक्त सीट वर घेऊन पाहिली नव्हती. तसं पाहायला गेलं तर मीही पाहिली नव्हती.

तीन दिवसांनी यजमानांचा फोन आला. थोडे नाराज वाटले. "तुम्ही मॅडमची सीट नीट केलीत, पण माझं एक नंबर बिघडवलंत. आता पाय मोकळे पसरत नाहीत, सीट पुढेच थांबते." इतके महिने त्यांना गळलेल्या पल्सांची जादा जागा फुकट मिळत होती. त्यांना म्हटलं, साहेब, सीट हवी तितकी मागे घ्या, सेट दाबा आणि मग एक नंबर.

"आणि मॅडमच्या दोन नंबरला काही होणार नाही ना?" त्यांनी विचारलं.